ताणाचे संप्रेरक आणि मेंदूचा दाह : कसौली ते चंदीगड

चंदीगडहून काल्कामार्गे डोंगर चढू लागल्यावर सुमारे साठ किलोमीटरवर कसौली हे छावणीचे गाव लागते. हिमाचल प्रदेशातील हे ठिकाण आज थंड हवेसाठी ओळखले जाते. परंतु भारताच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळ्याच कारणासाठी आहे. १९०० साली येथे पाश्चर संस्था स्थापन झाली आणि १९०५ मध्ये केंद्रीय संशोधन संस्था. या दोन्ही संस्थांशी निगडित असलेले डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये रेबीजवरील एक नवी लस तयार केली. रेबीजच्या विषाणूने बाधित केलेल्या मेंढीच्या मेंदूचा लगदा करायचा, फिनॉल मिसळून त्यातील विषाणू निष्प्रभ करायचा आणि तो द्रव पोटाच्या त्वचेखाली टोचायचा, अशी तिची कृती होती. ‘पिसाळलेले कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने’ हा जो समज महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत दोन-तीन पिढ्या रुजला होता, त्याचे मूळ या लसीत आहे. मुंबईची हाफकिन संस्था, कुन्नूरची पाश्चर संस्था आणि कसौली येथून ही लस देशभर जात असे. ती स्वस्त होती, देशात तयार होत होती आणि शासकीय दवाखान्यांतून विनामूल्य मिळत होती. तिने असंख्य लोकांचे प्राण वाचविले, हे निर्विवाद आहे.

मात्र या लसीला एक काळी बाजू होती. लस घेतलेल्यांपैकी काही थोड्यांना पहिल्या इंजेक्शननंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पायांतील बळ जाणे, लघवी अडकणे अशी लक्षणे दिसू लागत. काहींची शुद्ध हरपत असे, काही कायमचे अपंग होत, तर काही दगावत. कुत्र्याच्या चाव्याने रेबीज झाला नाही, पण प्रतिबंधाच्या उपायाने मेंदू व मज्जारज्जू सुजले, असा हा विचित्र प्रकार होता. त्याचे प्रमाण निरनिराळ्या अहवालांत काहीशे व्यक्तींमागे एक ते काही हजारांमागे एक इतके वेगवेगळे नोंदले गेले आहे. एकाच बाटलीतील, एकाच दिवशी, एकाच मात्रेत दिलेल्या लसीने शेकडो जण सुखरूप घरी जातात आणि एखादाच पक्षाघाताने अंथरुणाला खिळतो. असे का व्हावे? वैद्यकशास्त्रातील व्यक्तिगत प्रवणतेचा प्रश्न इतक्या उघड स्वरूपात क्वचितच समोर आला असेल.

स्वतःच्याच मेंदूवर हल्ला

प्रारंभी हा दोष विषाणूचा मानला जात असे. फिनॉलने विषाणू पूर्णपणे मेला नसावा, अशी शंका घेतली जाई. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये या शंकेचा निकाल लावला. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. त्यात कोणताही विषाणू नव्हता. तरीही काही माकडांच्या मेंदूत तसाच दाह निर्माण झाला. याचा अर्थ असा, की दोषी होता तो मेंदूचा ऊतीच. मज्जातंतूंच्या भोवती विजेच्या तारेवरील आवरणासारखे मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. परक्या प्राण्याचे मायलिन वारंवार टोचले गेल्याने शरीराची प्रतिकार यंत्रणा त्याला शत्रू मानू लागते, आणि पुढे स्वतःच्या मायलिनमध्ये व त्या परक्या मायलिनमध्ये तिला फरक करता येत नाही. थायलंडमध्ये सेम्पल लसीने आजारी पडलेल्या रुग्णांच्या रक्तात मायलिनच्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडल्याचे १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या उपपत्तीला माणसांतही पुष्टी मिळाली. त्याच देशातील पुढील अभ्यासात अशा रुग्णांमध्ये प्रतिकार यंत्रणेच्या काही विशिष्ट जनुकांचे प्रमाण अधिक आढळले.

रिव्हर्स यांनी घडविलेला हा प्रायोगिक आजार पुढे ‘प्रायोगिक स्वप्रतिकारजन्य मस्तिष्क-मज्जादाह’ या लांबलचक नावाने ओळखला जाऊ लागला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मानवी विकाराचे प्राण्यांतील प्रतिरूप म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत आजही तो वापरला जातो. मेंदूच्या दाहाचा आणि ताणाच्या संप्रेरकाचा संबंध प्रथम स्पष्ट झाला तोही याच प्रतिरूपात.

संप्रेरकांची उतरंड

त्या प्रयोगांकडे वळण्यापूर्वी ताणाचे संप्रेरक म्हणजे काय, हे पाहणे आवश्यक आहे. परीक्षेच्या दृष्टीनेही हा भाग महत्त्वाचा आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग संकटाची वर्दी मिळताच एक संदेशक रसायन सोडतो. ते खालीच असलेल्या पीयूषिका ग्रंथीला चेतविते. पीयूषिका ग्रंथी रक्तात दुसरे संप्रेरक सोडते आणि ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकापर्यंत पोहोचते. तेथून कॉर्टिसॉल स्रवते. उंदीर-घुशींसारख्या प्राण्यांत याच कामाच्या संप्रेरकाला कॉर्टिकोस्टेरॉन म्हणतात. रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे वाढले, की तेच हायपोथॅलॅमस व पीयूषिका ग्रंथीला थांबण्याची सूचना देते. पाण्याची टाकी भरताच तरंगता गोळा नळ बंद करतो, तशीच ही व्यवस्था आहे. निरोगी व्यक्तीत कॉर्टिसॉल पहाटेपासून वाढत जाऊन सकाळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते. म्हणूनच या तपासणीसाठी रक्त घेतल्याची वेळ कागदावर नोंदलेली नसेल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

‘ताण’ हा शब्द शरीरशास्त्रात रूढ करण्याचे श्रेय हान्स सेल्ये यांच्याकडे जाते. निरनिराळ्या प्रकारची इजा झालेल्या प्राण्यांत शरीराचा प्रतिसाद मात्र एकसारखाच असतो, हे त्यांनी १९३६ मध्ये मांडले. त्या प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झालेल्या आणि प्रतिकार यंत्रणेशी संबंधित थायमस ग्रंथी आकसलेली त्यांना आढळली. या निरीक्षणाचा व्यवहारातील अर्थ पुढे बारा वर्षांनी लागला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. हेंच, केंडाल आणि राइशस्टाइन या तिघांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ताणाचे हे संप्रेरक दाहाचे शमन करते, हे अशा रीतीने सिद्ध झाले. पेशीत शिरल्यावर ते एका ग्राहक प्रथिनाला चिकटते, त्या प्रथिनासह केंद्रकात जाते आणि दाह भडकविणाऱ्या जनुकांचा आवाज बंद करते.

लोकप्रिय लिखाणात ताणाचे संप्रेरक म्हणजे शरीराचा शत्रू, असे चित्र सर्रास रंगविले जाते. ते एकांगी आहे. हे संप्रेरक मुळात ब्रेकचे काम करते. गाडीत ब्रेक नसला तर काय होते, याचे उत्तर प्रयोगशाळेतील घुशींनी दिले.

लुईस आणि फिशर

१९६२ मध्ये अमेरिकेत सीमोर लेव्हीन व सहकाऱ्यांनी एक अनपेक्षित निरीक्षण प्रसिद्ध केले. मेंदूचा दाह व्हावा म्हणून मेंदूचा अर्क टोचलेल्या घुशींना त्यांनी हालचाल करता येणार नाही अशा रीतीने जखडून ठेवले. ताणाखाली ठेवलेल्या या घुशींमध्ये आजार वाढण्याऐवजी दबला. ताण आला म्हणजे आजार बळावणार, या सर्वसाधारण समजुतीच्या अगदी उलट असा हा निष्कर्ष होता.

त्याचा खुलासा पुढे ऑक्सफर्डमधील प्रयोगांनी केला. लुईस नावाच्या जातीच्या घुशींना हा दाह सहज होतो. त्यांचे मागचे पाय लुळे पडतात. परंतु काही दिवसांनी बहुतेक आपोआप बऱ्या होतात. आपोआप म्हणजे नेमके कशाने? मॅकफी, अँटोनी व मेसन यांनी १९८९ मध्ये दाखविले, की पाय लुळे पडण्याच्या सुमारास या घुशींच्या रक्तातील कॉर्टिकोस्टेरॉन अनेक पटींनी वाढते. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी आधीच काढून टाकल्या होत्या, त्या घुशी बऱ्या न होता मरण पावल्या. अशा घुशींना ते संप्रेरक बाहेरून त्याच पातळीपर्यंत पुरविले असता त्या वाचल्या. आजारातून उठण्याचे श्रेय प्रतिकार यंत्रणेच्या थकव्याला नव्हे, तर संप्रेरकाला होते. त्याच गटाने पुढील वर्षी आणखी एक पाऊल टाकले. पीव्हीजी नावाच्या दुसऱ्या जातीच्या घुशींना हा आजार सहसा होत नाही. त्या ताणाला प्रतिसाद म्हणून लुईसपेक्षा अधिक संप्रेरक सोडतात. त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी काढल्यावर त्यांचे संरक्षण नाहीसे झाले.

योगायोग असा, की अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एस्थर स्टर्नबर्ग व सहकारी त्याच वर्षी, १९८९ मध्ये, सांध्यांच्या दाहाचा अभ्यास करून त्याच निष्कर्षाजवळ पोहोचले होते. त्यांनी लुईस घुशींची तुलना फिशर घुशींशी केली. जिवाणूच्या कवचाचे कण टोचले असता लुईसचे सांधे सुजत, फिशरचे सुजत नसत. लुईसच्या हायपोथॅलॅमसमध्येच उणीव होती. संकटाची वर्दी येऊनही तो पुरेसा संदेश खाली पाठवीत नसे. दुसऱ्या बाजूने पडताळा घेण्यासाठी संशोधकांनी फिशर घुशींना संप्रेरकाच्या ग्राहकाला अडविणारे औषध दिले. एरवी निर्धास्त असलेल्या या घुशी मग तीव्र दाहाने आजारी पडल्या. एका जातीत ब्रेक कमजोर होता आणि दुसऱ्या जातीत तो मुद्दाम निकामी केला, परिणाम एकच.

या प्रयोगांची भुरळ पडणे स्वाभाविक आहे. ज्याच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी तो मेंदूच्या दाहाला प्रवण, असे सुटसुटीत समीकरण त्यातून मांडता येते. परंतु प्रयोगशाळेतील घुशी पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांच्या संकरातून तयार केलेल्या असतात. एका जातीच्या सर्व घुशी जवळजवळ जुळ्याच असतात. शिवाय या जातींमध्ये संप्रेरकाखेरीज प्रतिकार यंत्रणेच्या जनुकांतही फरक आहेत. माणसांना हे समीकरण लावताना सावध राहावे लागते.

माणसांत समीकरण का फसते

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत लुईस घुशींप्रमाणे संप्रेरकाची उणीव सापडेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक रुग्णांत ही संप्रेरक-साखळी मंद नव्हे, तर अतिक्रियाशील आढळली. संप्रेरक आहे, परंतु पेशी त्याचे ऐकत नाहीत, अशी ही स्थिती असावी. दीर्घकाळ संप्रेरकाच्या सान्निध्यात राहिलेल्या पांढऱ्या पेशींचे ग्राहक बधिर होतात. अमेरिकेतील शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला होता. दीर्घकालीन ताणाखाली असलेल्या ज्या व्यक्तींच्या पेशी कॉर्टिसॉलला दाद देत नव्हत्या, त्यांना सर्दी होण्याची शक्यता अधिक होती. रक्तातील कॉर्टिसॉलची नुसती पातळी मात्र हे भाकीत करू शकली नाही. म्हणजे पातळी आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थोड्या काळाचा तीव्र ताण दाह दाबतो आणि महिनोन्‌महिने चालणारा ताण त्याच यंत्रणेचा ब्रेक झिजवितो, असे आज साधारणपणे मानले जाते.

स्पर्धा परीक्षांच्या वाचकांसाठी येथे एक उदाहरण देण्यासारखे आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर एक छोटी, मोजून केलेली जखम सुटीत व दुसरी परीक्षेच्या आधी करण्यात आली. परीक्षेच्या काळातील जखम भरून येण्यास सुमारे ४० टक्के अधिक वेळ लागला. जखम भरण्यासाठीही प्रारंभी थोडा दाह लागतो. तो दबला तर भरणे लांबते. अभ्यास छोटा होता आणि त्याचा मेंदूशी थेट संबंध नाही, हे खरे; तरी दाह हा केवळ रोग नसून दुरुस्तीचाही भाग आहे, हे त्यातून कळते.

गर्भारपण हे निसर्गाने केलेले आणखी एक प्रयोगच म्हणावे लागेल. या काळात इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांबरोबर कॉर्टिसॉलही वाढते आणि प्रसूतीनंतर ते झपाट्याने उतरते. युरोपातील बारा देशांतील २५४ स्त्रियांच्या अभ्यासात, १९९८ मध्ये असे आढळले, की मल्टिपल स्क्लेरोसिसचे झटके गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत लक्षणीय कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत पुन्हा उसळी घेतात. यातले किती श्रेय कॉर्टिसॉलचे आणि किती इतर संप्रेरकांचे, हे वेगळे काढता येत नाही. भारतात हा विकार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने विरळ आहे. परंतु मुंबईच्या पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा अधिक आढळतो, हे नोशिर वाडिया यांच्यासारख्या मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदविले होते. वातावरण एकच असताना एका समाजात प्रमाण वेगळे असणे, हा जनुकांच्या वाट्याचा निर्देश आहे.

चंदीगडच्या वॉर्डात

भारतापुढे मेंदूच्या दाहाचा प्रश्न मुख्यत्वे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रूपात येत नाही. तो येतो संसर्गाच्या रूपात. चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजेच उत्तर भारतात सर्वतोमुखी असलेली ‘पीजीआय’, १९६२ मध्ये स्थापन झाली आणि १९६७ पासून संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर येथून येणाऱ्या रुग्णांत मेंदूतील पट्टकृमीच्या गाठी आणि क्षयरोगजन्य मस्तिष्कावरणदाह हे दोन आजार येथील डॉक्टरांच्या नित्य परिचयाचे आहेत.

पट्टकृमीचा आजार अत्यंत बोधप्रद आहे. डुकरातील पट्टकृमीची अंडी दूषित पाण्यातून वा नीट न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. त्यातून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत पोहोचून गाठ करून राहतात. डुकराचे मांस न खाणाऱ्या, अगदी शाकाहारी कुटुंबांतही हा आजार दिसतो, तो यामुळेच. अळी जिवंत असेपर्यंत ती प्रतिकार यंत्रणेला गुंगारा देते. व्यक्तीला काहीही जाणवत नाही. अळी मरू लागली, की तिचे झाकलेले रूप उघडे पडते, मेंदूत दाह उसळतो आणि मुलाला अचानक आकडी येते. पीजीआयमधील प्रतिभा सिंघी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये अशा ५०० मुलांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. बालकांतील या आजाराच्या जगातील मोठ्या मालिकांपैकी ती एक आहे. बहुतेक मुले आकडीने आली होती आणि बहुतेकांत एकच लहान गाठ होती.

उपचारातील पेच येथेच आहे. अल्बेंडाझोलने अळी मारली, तर मरणाऱ्या अळीमुळे दाह वाढतो. म्हणून औषधाच्या जोडीला स्टेरॉइड, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाचेच कृत्रिम भावंड, दिले जाते. मेंदूत एकाच वेळी शेकडो गाठी असून संपूर्ण मेंदू सुजला असेल, तर अळी मारण्याचे औषध टाळून केवळ दाह शमविण्यावर भर देतात. रोगजंतूला मारणे हे अशा वेळी दुय्यम ठरते, हे सामान्य वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण या रुग्णाला जिवाचा धोका अळीपेक्षा स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडून अधिक असतो. गाठी असूनही काहींना आयुष्यभर आकडी येत नाही, असे का, याचा शोध लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतील संशोधकांनी घेतला. जंतूंची चाहूल घेणाऱ्या एका ग्राहकाच्या जनुकातील फरक लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांत अधिक असल्याचे त्यांनी २०१० मध्ये दाखविले.

क्षयरोगजन्य मस्तिष्कावरणदाहात तर हा प्रश्न जीवन-मरणाचा आहे. क्षयरोगविरोधी औषधे वेळेवर सुरू करूनही कित्येक रुग्ण दगावतात, कारण मेंदूच्या तळाशी साचलेला दाहाचा चिकट स्राव रक्तवाहिन्या चेपतो आणि मेंदूतील द्रवाचा मार्ग अडवितो. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, २००४ मध्ये असे दिसले, की डेक्सामेथासोन दिलेल्या गटात नऊ महिन्यांत ३१.८ टक्के रुग्ण मृत्यू पावले, तर न दिलेल्या गटात ४१.३ टक्के. म्हणजे मृत्यू घटले. परंतु वाचलेल्यांतील गंभीर अपंगत्वाचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले नाही.

हा फायदा सर्वांना सारखा होतो का? २०१२ मध्ये व्हिएतनाममधील त्याच रुग्णांच्या जनुकांची तपासणी झाली. दाहाचे रसायन तयार करणाऱ्या एका विकराचे जनुक काहींत अधिक जोमाने, तर काहींत मंदपणे काम करते. ज्यांचा दाह स्वभावतःच प्रखर होता, त्यांना स्टेरॉइडचा मोठा लाभ झाला. ज्यांचा दाह मुळातच मंद होता, त्यांना तो झाला नाही. माशापासून सुरू झालेले हे संशोधन गाजले; परंतु इंडोनेशियातील रुग्णांत २०१७ मध्ये त्या जनुकाचा मृत्यूशी तसा संबंध आढळला नाही. पुढे २०२३ मध्ये एचआयव्हीबाधित रुग्णांवरील ५२० जणांच्या चाचणीत डेक्सामेथासोनचा निश्चित फायदा सिद्ध झाला नाही. प्रतिकारशक्तीच खचलेल्या शरीरात दाह दाबून हाती फारसे काही लागत नाही, असा त्याचा अर्थ काढता येईल. तरीही अभ्यासकांनी याबाबत घाईने निष्कर्ष काढलेले नाहीत आणि ते योग्यच आहे.

ब्रेक अधिक दाबला तर

व्यक्तीव्यक्तींतील हा फरक दुर्लक्षून स्टेरॉइड सरसकट वापरले, तर काय होते, याचा अनुभव देशाने कोविडच्या साथीत घेतला. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने २०२० मध्ये दाखविले, की डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांपर्यंत घटले. मात्र प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही. उलट त्यांच्यातील मृत्यू १४.० ऐवजी १७.८ टक्के होते. बातम्यांत पहिले वाक्य पोहोचले, दुसरे पोहोचले नाही. सौम्य आजारातही, मोठ्या मात्रेत आणि दीर्घ काळ स्टेरॉइड घेतली गेली. त्यातून रक्तातील साखर वाढली आणि नाक व डोळ्यांतून थेट मेंदूकडे सरकणारी म्युकरमायकोसिस ही बुरशी फोफावली.

पीजीआय चंदीगडमधील अरुणलोक चक्रवर्ती यांच्या पुढाकाराने देशातील सोळा केंद्रांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील २८७ रुग्णांची नोंद तपासली. त्यांपैकी १८७, म्हणजे सुमारे ६५ टक्के रुग्णांची बुरशी कोविडशी संबंधित होती; आणि कोविडनंतर काही काळाने उद्भवलेल्या प्रकारात अयोग्य रीतीने दिलेल्या स्टेरॉइडचा संबंध ठळकपणे दिसला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेपूर्वीच्या या नोंदी होत्या. लाट आल्यावर मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्याचे राज्यांना कळविले. ब्रेक नसणे जितके घातक, तितकेच तो सतत दाबून धरणेही घातक ठरले.

बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडचा दुसरा धोका कमी चर्चिला जातो. अनेक आठवडे अशी औषधे घेतल्यावर तरंगत्या गोळ्याने नळ बंद करावा, तशी शरीराची स्वतःची संप्रेरक-साखळी झोपी जाते. औषध एकदम थांबविले, तर शरीराकडे ना बाहेरचे संप्रेरक असते ना आतले. अशा वेळी साधा ताप किंवा छोटी शस्त्रक्रियाही रक्तदाब कोसळवू शकते. खुजली, दमा, सांधेदुखी यांवर ‘गुणकारी पुडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि ज्यात स्टेरॉइड मिसळलेले असते अशा चूर्णांचे ग्राहक या धोक्यात नकळत सापडतात.

कसौलीच्या लसीची कथा मात्र पूर्ण झाली. मेंदूच्या ऊतीविना, पेशींच्या संवर्धनावर तयार होणाऱ्या रेबीज लसी आल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटना मेंदूपासूनच्या लसी बंद करण्याचा आग्रह धरत होती. अडचण होती ती किमतीची. भारतात सेम्पल लसीचे उत्पादन डिसेंबर २००४ मध्ये थांबले. २००६ मध्ये त्वचेच्या आतच अल्प मात्रेत टोचण्याच्या पद्धतीला मान्यता मिळाली आणि एका बाटलीत अनेक रुग्णांची लस होऊ लागल्याने शासकीय दवाखान्यांना ती परवडू लागली. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाला, तो या नव्या लसींच्या आधारावर. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती मनात ठेवून चावल्यानंतरही दवाखाना टाळणारे लोक अजून आढळतात. आज इंजेक्शने दंडावर, मोजकीच असतात आणि त्यांत मेंढीच्या मेंदूचा अंश नसतो.

क्षयरोगाच्या रुग्णांबाबत संप्रेरकांचा हा हिशेब आजही रोजच्या व्यवहारात येतो. क्षयरोग अधिवृक्क ग्रंथींनाही पोखरू शकतो. अशा रुग्णाचा स्वतःचा कॉर्टिसॉलसाठा आधीच तुटपुंजा असतो. त्यात रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरील प्रमुख औषध यकृतातील विकरांना चेतवून कॉर्टिसॉलचे आणि बाहेरून दिलेल्या स्टेरॉइडचेही विघटन जलद करते. म्हणून रिफाम्पिसिन सुरू झाल्यावर काही दिवसांत रुग्ण अधिकच थकला, त्याला उलट्या होऊ लागल्या, रक्तदाब उतरला आणि त्वचा व हिरड्या काळवंडलेल्या दिसल्या, तर औषध सोसत नाही असे म्हणून उपचार थांबविण्याऐवजी सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची तपासणी करावी लागते आणि ते कमी आढळल्यास क्षयरोगाची औषधे चालू ठेवून संप्रेरक बाहेरून, नेहमीपेक्षा वाढीव मात्रेत पुरवावे लागते.